पन्नी कोणाची

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. वाक्य भारदस्त आहे, पण पूर्ण खरं नाही. शाळाशाळांतून असंख्य मुलांना मी हे सांगितलंय – फक्त उलटं करून.

मी आठवी-नववीच्या मुलांसमोर बोलतो. भांडण कसं मिटवावं, नको त्याला ‘नको’ कसं म्हणावं, असे विषय असतात. अमरावतीहून निघतो, अकोल्यापर्यंत कुठलीही शाळा बोलावते. आधी दीपप्रज्वलन होतं, मग एक रोपटं हातात देतात (माझ्या गॅलरीत आता चालायला जागा नाही), मग मुख्याध्यापक माझा परिचय करून देतात. त्यातला माणूस मला आवडतो. त्याला कधीतरी भेटायला हवं.

मग मी माझी गोष्ट सांगतो. सुमेध नावाचा माझा मित्र होता. आठवीत त्याला खर्ऱ्याची सवय लागली – सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून करतात तो. आमच्याकडे पन्नी उघडली की शेजारच्यासमोर धरायची असते. नाही म्हटलं तर माणसालाच नाही म्हटल्यासारखं होतं. सुमेधने एकदा ती माझ्यासमोर धरली. मी म्हणालो, ‘मला नको. तू खा, मी इथंच बसतो.’ बघा मुलांनो – वस्तू नाकारली, माणूस नाही. पुढे आमचं भांडण झालं, पण मीच आधी त्याच्या घरी गेलो. टाळ्या.

नाव खरं वापरतो. खऱ्या नावाने गोष्ट खरी वाटते.

एकदा एका मुलानं विचारलं, “सर, मंग तुमच्या दोस्तानं सोडला का खर्रा?” मी म्हणालो, सोडला. खरं तर त्यानं तो कधी धरलाच नव्हता.

तुम्हाला कळलंच असेल. पन्नी माझी होती.

पण हे एवढंच असतं तर काय होतं? स्वतःला बरं दाखवण्यासाठी गोष्ट फिरवणारे पुष्कळ असतात. काहींचे तर पुतळे होतात. मला जे सांगायचंय ते याच्या मागे आहे – आणि मी अजून शब्दांशी खेळतोय, हेही मला दिसतंय.

सुमेध आणि मी एका सायकलवर शिकवणीला जायचो. तो पॅडल मारायचा, मी कॅरिअरवर बसून वाचनालयातलं पुस्तक मोठ्यानं वाचायचो. कष्टांची वाटणी तेव्हाच ठरलेली होती. चढ आला की त्याला धाप लागायची, पण मला उतरू द्यायचा नाही. “वाच ना बे, पुढं काय झालं?” त्यानंतर मी पुष्कळ वाचलं. असं ऐकणारं कुणी मिळालं नाही.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही शाळेमागच्या टाकीजवळ बसलो होतो. मी पन्नी काढली, थोडा खर्रा तोंडात टाकला, पन्नी त्याच्यासमोर धरली. तो म्हणाला, “मले नाई पायजे. तू खा, मी बसतो इथंच.” त्यांच्या घरी रोज बुद्धवंदना व्हायची, त्यात नशेपासून दूर राहण्याचं शील म्हटलं जायचं. पण तो मला ते ऐकवत बसला नाही. नुसता बसला. माझी सगळी व्याख्यानं या एका वाक्याची आहेत, आणि ते त्याचं आहे.

तेवढ्यात गणिताचे सर आले. पन्नी आमच्या दोघांच्या मध्ये पडली होती.

“कोणाची हाय रे?”

मी सुमेधकडे नुसतं बघितलं – असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. नुसतं बघितलं, बाकी सरांनीच ठरवलं. नाही. मी बोललो. तोंडातलं गिळून बोललो. “सर, याची.”

सरांनी आमच्या तोंडाचा वास घेतला असता तर प्रश्न तिथंच सुटला असता. घेतला नाही. हजेरीतलं आडनाव आणि राहण्याची वस्ती, एवढ्यावर त्यांचा हिशेब जुळला. आणि तो तसाच जुळणार हे मला माहीत होतं. चौदा वर्षांच्या पोराला काय कळतं, असं कुणी म्हणेल. मला कळत होतं. म्हणून तर मी ते वापरलं.

त्याच्या वडिलांना बोलावलं. ते इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आले आणि ज्या माणसानं कधी सुपारीही खाल्ली नव्हती, तो तंबाखूपायी सरांपुढे हात जोडून उभा राहिला. सुमेधनं माझं नाव घेतलं नाही. का नाही घेतलं? घेऊन उपयोग नाही, हे त्याला माझ्याही आधी माहीत असणार.

नंतर एका दुपारी तो सायकल घेऊन आमच्या फाटकाशी आला. मी आईला सांगितलं, झोपलोय म्हण. खिडकीच्या फटीतून बघत होतो. आई म्हणाली, “झोपला हाय रे तो, बापू.” तो उन्हात थोडा थांबला आणि गेला. पुढच्या वर्षी त्याची शाळा बदलली.

म्हणजे आधी दुसऱ्याच्या घरी जो गेला, तोही तोच.

गेल्या हिवाळ्यात अकोल्यात एका शाळेत बोललो. त्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. गोष्ट झाली, टाळ्या झाल्या, मी खाली उतरलो, आणि मागच्या बाकावरून एक माणूस उठून आला. केस पिकलेले, हातात हेल्मेट, सोबत नववीतली मुलगी.

“मस्त सांगतो बे तू,” तो म्हणाला.

आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. सुमेध पाटबंधारे खात्यात होता, जुन्या शहरात घर बांधलं होतं. “आज जेवाले घरीच चाल. बायकोले फोन करतो,” असं म्हणून त्यानं माझा दंड धरला. किती वर्षांनी कुणी माझा असा दंड धरला असेल.

मुलगी हसत होती. “पप्पा, तुमी खर्रा खायचे?”

तो माझ्याकडे बघत म्हणाला, “मले काय इचारतं? सरले इचार.”

रागानं नाही. टोमणाही नव्हता, निदान मला तरी तो ऐकू आला नाही. त्यानं नुसती जागा करून दिली, आणि थांबला. काय बोलायचं होतं? दोन शब्द. ‘माझी होती.’ समोर सर नव्हते, छडी नव्हती. एक मुलगी होती, आणि मुख्याध्यापक शाल घेऊन उभे होते.

मी म्हणालो, “लहान होतो गं आम्ही, बेटा. पण बघ, त्यानं सोडला की नाही?”

त्यानं माझा दंड सोडला. “बरं, निघतो मंग,” म्हणाला. जेवणाचं पुन्हा काढलं नाही. मुलगी जाता जाता त्याला कोपरानं ढोसत होती – पप्पांचं काहीतरी गुपित सापडल्यासारखी. तिच्या लेखी आता तिचा बाप खर्रा खायचा, आणि एका चांगल्या मित्रामुळे सुधारला. हे मी केलं. चौदाव्या वर्षी नव्हे.

त्यानंतर दोनदा अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. पलीकडे जुन्या शहराच्या गल्ल्या आहेत, दुकानं आहेत, कुणालाही विचारलं तर घर सापडेल. संध्याकाळी तो घरी असणार. दार उघडेल, आत घेईलही – भीती तीच आहे. त्याच्यासमोर बसून काहीतरी मोठ्यानं वाचावंसं वाटतं, आणि त्यानं विचारावं, पुढं काय झालं?

परवा पातूरच्या एका शाळेत बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिला होता – माफी कशी मागावी. मी तीच गोष्ट सांगितली, आणि कार्यक्रम वेळेत संपला.