डॉक्टरबाबूंच्या तोंडी माझे शब्द

चहा आधी संपवा, नाहीतर ऐकताना ठसका लागेल. मी आयुष्यात एक लढाई जिंकले आहे. कलकत्त्यात, बाळाच्या आंघोळीवरून, साक्षात सासूबाईंशी! पण जिंकता जिंकता अशी तोंडावर आपटले की विचारू नका.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. ह्यांची बँकेतली बदली कलकत्त्याला झाली, बागबाजारात बिऱ्हाड थाटलं आणि तिथेच आमचा मुकुंद झाला. बाळंतपणाला सासूबाई मिरजेहून आल्या. कामाला वाघ बाई! पाटावर पाय पसरून बसायच्या, बाळाला पायांवर पालथं घ्यायच्या, आणि असं काही चोळून न्हाऊ घालायच्या की पोर दुपारपर्यंत ढाराढूर.

माझी तक्रार होती ती आंघोळीच्या शेवटाची. मुलगा आहे ना, मग त्याच्या शूच्या जागेची कातडी रोज तेल लावून मागे ओढायची, नाहीतर ती जन्माची चिकटून बसते, असं त्यांचं ठाम मत. त्या ओढायला लागल्या की मुकुंद कळवळून रडायचा. एकदा तर रक्ताचा टिपका दिसला. त्या दिवशी मी मोरीबाहेर उभी राहून रडले.

मी म्हटलं, "आई, राहू दे ना ते."

"माझे तिन्ही मुलगे असेच वाढलेत," त्या म्हणाल्या.

वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईही त्यांच्याच बाजूच्या. एकीला बंगाली येत नाही, दुसरीला मराठी. खोबरेल बरं की मोहरीचं, यावर दोघी हातवारे करून भांडायच्या. ओढायचं, यावर मात्र एकमत. आणि आमचे हे? आंघोळीचं पाणी तापलं की ह्यांची बँकेकडे जाणारी एस्प्लनेडची ट्राम नेमकी सुटायला यायची.

शेवटी मी लसीचं निमित्त काढलं आणि बाळाला घेऊन सासूबाईंसकट गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरबाबूंचा दवाखाना गाठला.

इथे एक सांगायला हवं. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला एक खोड लागते. आपली भाषा इथे कुणाला कळत नाही, म्हणून समोरच्याबद्दल त्याच्या तोंडावर वाट्टेल ते बोलायचं. ट्राममध्ये, मासळीबाजारात, कुठेही! मी तर त्यात तरबेज होते. डॉक्टरबाबू वयस्कर, कपाळाला आठ्या. तिथले लोक जेवणाची सुरुवात कडूने करतात आणि मला तर कारल्याचा वाससुद्धा सहन होत नाही. मी डॉक्टरांकडे बघून गोड हसले आणि सासूबाईंना म्हणाले, "चेहरा बघा ना. उकडलेलं कारलं खाऊन आलेत." सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत मी दुखणं सांगितलं. डॉक्टरांनी बाळाला हळुवार तपासलं आणि शांतपणे बंगालीत म्हणाले की मुलगा अगदी छान आहे, तिथे काही करायचं नाही, ओढू नका. बस्स, एवढंच. एवढ्याशा वाक्यानं सासूबाई कशा हलणार? मी भाषांतराला सुरुवात केली. डॉक्टर रागावलेत, म्हणतात की खबरदार पुन्हा हात लावाल तर!

सासूबाईंचा चेहरा उतरला आणि त्यांनी चक्क मान डोलावली. माझं एक न ऐकणारी बाई, डॉक्टरांचं ऐकत होती! इथे माझी जीभ सुटली. डॉक्टर म्हणाले, वरून साध्या पाण्यानं धुवा. मी सांगितलं, डॉक्टर म्हणतात दुपटी बाळाच्या वडिलांनी धुवावीत. ते म्हणाले, लाली आली, सूज आली किंवा शू करताना त्रास झाला तर लगेच आणा. मी सांगितलं, बाळाच्या आईला पहाटे उठवू नका, तिला पापड लाटायला बसवू नका. डॉक्टर गप्प होऊन औषधाच्या बाटल्या नीट लावायला लागले, तरी माझं भाषांतर चालूच.

"अगं, पण ते आता काहीच बोलत नाहीयेत," सासूबाई म्हणाल्या.

"मघाशीच म्हणाले होते ते," मी म्हणाले.

डॉक्टरांनी हातातली बाटली खाली ठेवली. माझ्याकडे वळले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "बाई, कारलं आज नाही खाल्लं. काल खाल्लं होतं."

मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी त्या टेबलासकट आत जावं. हे गृहस्थ नागपूरचे निघाले! जन्म तिथला, शाळाही तिथलीच. सासूबाईंना मात्र माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, मग मला खरं सांगा. हिनं सांगितलं ते सगळं तुम्ही म्हणालात?"

संपलं! आता एक गोष्ट खोटी ठरली की सगळंच खोटं ठरणार, आणि उद्या सकाळी मुकुंद परत रडणार. मला बाकी कशाचीच पर्वा नव्हती हो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मूठ चोखत पडलेल्या मुकुंदाकडे.

"आजी, नखाखाली धुवायला तुम्ही नख उचकटता का?" ते म्हणाले. "तसंच आहे हे. बाळपणी ती कातडी आतून चिकटलेलीच असते. आपोआप सुटते, कुणाची लवकर, कुणाची पार शाळेत मोठ्या वर्गात गेल्यावर. सुटली की त्यालाच शिकवा, हळूच मागे घेऊन धुवायचं आणि परत पुढे आणायचं. तोवर फक्त वरून पाणी. ओढलं तर चिरा पडतात, वण धरतात, आणि तुम्ही ज्याला भिता तेच होतं."

सासूबाईंनी मुकुंदाच्या तळपायावरून हात फिरवला. "मला जसं शिकवलं तसं करत आले हो मी," त्या म्हणाल्या. मला एकदम त्यांचं वाईट वाटलं. डॉक्टर म्हणाले की सगळ्याच घरी तसंच करतात, म्हणून तर ते दिवसभर हेच सांगत बसतात.

"आणि ते दुपट्यांचं?" सासूबाईंनी विचारलं.

"तेही खरं. वडिलांनीच धुवायची." डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही! "फक्त एक गोष्ट या सांगायला विसरल्या. बाळाच्या आईनं रोज पहिल्या घासाला उकडलेलं कारलं खायचं."

दुसऱ्या दिवसापासून मुकुंद आंघोळीला हसायला लागला. बँकेतले साहेब गॅलरीत दुपटी पिळताना साऱ्या गल्लीनं पाहिले. सासूबाईंनी तर वर जाऊन मालकीणबाईंना स्वतःचं नख दाखवून डॉक्टरांचं म्हणणं खुणांनी पटवलं. असा विजय कुणाला मिळतो?

आणि माझ्या ताटात रोज कारलं. सासूबाई समोर बसून वाढायच्या. शेवटी एकदा न राहवून मी म्हणाले, "आई, ते डॉक्टर गमतीनं म्हणाले हो."

त्यांनी शांतपणे विचारलं, "मग दुपट्यांचंही गमतीनंच म्हणाले असतील का गं?"

मी आणखी एक फोड मागून घेतली.