पाच मिनिटांचं ताट

सुभेदारांनी माझ्या टेबलावर प्लास्टिकच्या तीन डब्या ओळीने मांडल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून वार आणि वेळ लिहिलेली. सोमवार, आठ दहा. मंगळवार, आठ सात. बुधवार, आठ बारा. आत मांजरीची उलटी होती.

"रिपोर्ट आनलाय, मॅडम," ते म्हणाले.

कुंडलला माझा जनावरांचा दवाखाना आहे. येतात मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्या. मांजर क्वचित, आणि मांजरीची ओकारी लेबल लावून तर कधीच नाही. पण सुभेदार फौजेतून रिटायर झालेले. त्यांच्या घरी कपड्यांच्या घड्यासुद्धा एका रेषेत असतात.

मांजरीचं नाव ठकी, वय अकरा. ती मुळात त्यांच्या बायकोची. काकू सहा महिन्यांपूर्वी गेल्या. मुलगा बाहेरगावी नोकरीला, त्यामुळे घरात सुभेदार आणि ठकी, दोघंच. आणि ठकी गेले काही महिने जेवली की ओकत होती. चांगलीच वाळली होती.

ही त्यांची चौथी खेप. आधीच्या तिन्ही वेळा मी छातीठोकपणे कारण सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा तोंडावर पडले होते. आधी जंतांचं औषध दिलं. मग दूध बंद केलं, कारण मोठ्या मांजराला दूध बऱ्याचदा पचत नाही, आपण उगाच पाजतो. मग केसांच्या गोळ्यासाठी पेस्ट दिली. मांजर अंग चाटतं, केस पोटात जातात, त्याचा गोळा होतो. रक्त तपासलं, किडनी आणि थायरॉइड ठीक निघाले. सांगलीला एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. उरलं काय, तर पुण्याला नेऊन भूल द्यायची आणि नळीतून कॅमेरा घालून बघायचं. शुक्रवारची अपॉइंटमेंट घेतली होती. अकरा वर्षांच्या, इतक्या वाळलेल्या मांजराला भूल म्हणजे जोखीम, आणि तसं मी सुभेदारांना स्पष्ट सांगितलं होतं.

डब्या उघडल्या. भात आणि मासळीचे तुकडे जसेच्या तसे, लांबट नळीसारखे चिकटलेले. पचनाचा पत्ता नाही. हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. तेव्हा फक्त ऐकलं होतं.

इथे एक फरक सांगते. खरी उलटी होते तेव्हा मांजराचं पोट आत-बाहेर हलतं, ते दोनचार उचक्या देतं आणि मग बाहेर पडतं अर्धवट पचलेलं, बऱ्याचदा पिवळसर पाणी. दुसरा प्रकार म्हणजे अन्न पोटात मुरायच्या आधीच परत येणं. पोट हलत नाही, मांजर मान खाली घालतं आणि गिळलेलं तसंच बाहेर येतं. मालक दोन्हींना ओकणंच म्हणतात.

मी विचारलं, ओकताना पोट हलतं का? सुभेदार म्हणाले, तवा मी घड्याळ बघत असतो. मग मी त्यांना मोबाईलवर जेवणाचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगितलं, ताट ठेवल्यापासून ओकेपर्यंत.

गुरुवारी सकाळी व्हिडिओ आला. बरोबर आठला शिट्टी वाजली. ठकी धावत आली आणि न चावता खाऊ लागली, मान वर न करता. पाच मिनिटं झाली, पुन्हा शिट्टी, आणि सुभेदारांच्या हाताने ताट उचललं. दोन मिनिटांनी ठकीने मान खाली घातली. पोट जरासुद्धा हललं नाही.

मी लगेच फोन लावला. ताट का उचलता, विचारलं.

"आवं, मुंग्या लागत्यात. आनी फौजेत ट्रेनिंग सेंटरला आमाला पाचच मिन्टं मिळायची. शिट्टी झाली की ताट उचललं. त्यानं शिस्त लागती."

"काकू असताना कसं होतं?"

"ती दिसभर थोडं थोडं घालायची. ताटली कोपऱ्यातच असायची. म्या म्हनायचो, लय लाडावून ठेवलीस."

ताट उचललं जाईल या धास्तीने ठकी भराभर गिळत होती आणि तेच परत येत होतं. पुण्याची अपॉइंटमेंट मी पुढे ढकलायचं ठरवलं. म्हटलं, आठ दिवस द्या, तोवर वजन घटलं तर मी स्वतः गाडीत बसून येते. दिवसाचं खाणं पाच वेळा वाटून द्या. पसरट ताटली घ्या. मधोमध एक मोठा धुतलेला गोटा ठेवा, म्हणजे तिला भोवतीनं टिपून खावं लागेल. मुंग्यांसाठी ताटली पाणी घातलेल्या परातीत ठेवा. आणि शिट्टी पेटीत ठेवून द्या.

पण तुमचं मांजर ओकलं तर थेट गोटा शोधू नका. ओकारीत रक्त असेल, ते दिवसभर काही खात नसेल, मलूल पडलं असेल किंवा तोंडात दोरा अडकलेला दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोरा ओढू नका, आतडं कापतं.

आठव्या दिवशी वजनकाट्यावर ठकी दीडशे ग्रॅमने वाढलेली होती. एकदाही ओकली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी तिलाच शाबासकी दिली. तिने नखं दाखवली.

महिन्याभराने त्यांच्या म्हशीला लस टोचायला गेले, दुपारी बाराच्या सुमाराला. सुभेदार भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. त्यांचं ताट कधीच चाटूनपुसून झालेलं. मी म्हटलं, उठता ना?

"हिचं झाल्याबिगर कसं उठायचं?" शेजारी ठकी गोट्याभोवती हळूहळू टिपत होती. "कारभारीन गेल्यापास्नं मी हुब्यानंच खायचो, मॅडम. कुनी बसा म्हनायला नव्हतं."

मी लस टोचून निघाले. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर एक प्रश्न वाढला आहे: जनावर काय खातं हे विचारून झालं की, ताट कोण आणि कधी उचलतं?