मांगुराच्या पाण्यावरची भाजी

देवमन भिवाजी तायडे हा विहिरी बांधणारा मिस्त्री. शेलूबाजारच्या आसपास वीस-बावीस गावांत त्याच्या हातच्या विहिरी होत्या. पन्नास-साठ हात खोल उतरायचा आणि दगडावर दगड रचत वर यायचा. ओळंबा क्वचितच लावायचा, त्याची नजरच सरळ होती. एकोणीसशे एकाहत्तरच्या उन्हाळ्यात अशाच एका विहिरीत पायाखालची फळी सुटली आणि तो खाली आदळला. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जाता येई, एवढंच. ओझं उचलणं, शिडी चढणं, विहिरीत उतरणं कायमचं संपलं. वय तेव्हा बेचाळीस.

दोन्ही पोरी लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या. घरात तो आणि बायको गंगू. गंगू पहाटे भाकरी थापून कामाला जायची आणि देवमन दारातल्या बाजेवर बसून राहायचा. ज्या हातांनी मणामणाचे दगड बसवले, ते हात मांडीवर नुसते पडलेले. त्याला त्या हातांकडे बघवत नसे. बोलणंही त्याने हळूहळू सोडून दिलं.

बहात्तर साल कोरडं गेलं. गंगू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत गावाबाहेरचं तळं आटून चिखल उरला, तेव्हा लोक चिखलात हात घालून मासे धरू लागले. गंगूही एका संध्याकाळी बादलीत दहा-बारा जिते मांगूर घेऊन आली. काळे, मिशाळ, चिखलातही तग धरणारे मासे ते.

"आज दोन रांधते," ती म्हणाली. "बाकीचे हौदात सोडा. दोन-तीन दिवस पुरतीन."

अंगणातला हौद देवमननेच बांधलेला, कंबरभर उंचीचा, धुण्या-भांड्यांच्या पाण्यासाठी. तो अर्धा भरलेला होता. मासे त्यात सोडल्यावर देवमन काठावर बसून राहिला. थोड्या थोड्या वेळाने एखादा मांगूर वर यायचा, तोंडाने हवा घ्यायचा आणि पुन्हा तळाला जायचा. दुसरा दिवस त्याने तिथेच काढला.

संध्याकाळी गंगू मासे काढायला आली, तर तो म्हणाला, "राहू दे."

"काहून?"

"मले दिवसभर बोलाले कोन हाय?"

गंगूने त्याच्याकडे पाहिलं. मग आत गेली आणि बेसन कालवलं. ती हसली नाही, याबद्दल देवमनला मनातून फार बरं वाटलं.

पण पंधरा दिवसांत पाण्याला वास सुटला. गावच्या विहिरीवर माणशी मोजून पाणी मिळायचं. हौद उपसून पुन्हा भरायचा म्हणजे चैनच. देवमनने दोन घागरी घाण पाणी अंगणातल्या मरगळलेल्या वांग्याच्या झाडांना घातलं. आठवड्यात त्या झाडांनी जीव धरला, पानं गर्द हिरवी झाली. मात्र घातलेलं पाणी जमिनीत गेलं ते गेलंच.

ते पाणी परत कसं आणावं, हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना. विहिरीत उतरणाऱ्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. मुरमातून, वाळूतून झिरपत आलेलं पाणी निवळ असतं. घाण वरच्या वर राहते. मग त्या वरच्या घाणीतच भाजी लावली, भाजीने तिच्यातलं शोषायचं ते शोषलं, आणि खालून निघालेलं पाणी पुन्हा हौदात पडलं, तर?

शेजारी इब्राहीम टिनकाम करायचा. डबे, चाळण्या, पन्हाळी असं काहीबाही. देवमन काठी टेकत त्याच्या दुकानाशी गेला. कित्येक महिन्यांनी तो स्वतः होऊन कुणाकडे गेला होता.

"इब्राहीमभाई, गोड्या तेलाचे दोन पिंप पायजेत. उभे चिरून."

"कायले?"

देवमनने सांगितलं. इब्राहीमने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, मले तं काई समजलं नाई. पन तुमचं डोकं चालून राह्यलं ना, बस झालं." त्याच संध्याकाळी त्याने पिंपं चिरली, त्यांच्या चार लांब पाट्या केल्या, कडा ठोकून बोथट केल्या आणि स्वतः आणून दिल्या.

देवमनने विटांचे ठोकळे रचून त्या एकापुढे एक, वळसा घेऊन पुन्हा हौदाशी येतील अशा मांडल्या. उतार दोन बोटांचा, शेवटच्या पाटीचं तोंड हौदावर. गंगूने कामावरून येताना पदरातून थोडी थोडी बारीक खडी आणली. ती धुऊन पाट्यांत भरली. वर तुराट्यांचं छप्पर घातलं, कारण ऊन मी म्हणत होतं. खडीतच चवळाई, अंबाडी, पुदिना लावला. मग देवमन हौदाच्या काठावर बसून डब्याने हौदातलं पाणी काढायचा आणि वरच्या पाटीत ओतायचा. सकाळी पन्नास डबे, संध्याकाळी पन्नास.

पहिले चार आठवडे काही जमलं नाही. रोपं पिवळी पडली, दोन मासे मेले, पाण्याचा वास जाईना. गंगू नाक दाबून धुणं धुवायची, पण बंद करा असं म्हणाली नाही. महिना उलटला आणि एका सकाळी देवमनला हौदाचा तळ दिसला. पाणी निवळलं होतं. वास नव्हता. पाचव्या-सहाव्या दिवशी रोपांनाही हिरवा रंग चढला.

"असं कसं झालं?" गंगूने विचारलं.

"कोन जाने. खडीले आता सवय झाली वाट्टे."

खरं कारण त्याला कधीच कळलं नाही. कळलं एवढंच की घाई केली असती तर हातचं गेलं असतं.

एप्रिलात शेलूबाजारच्या बाजारात हिरवं पान दिसत नव्हतं, तेव्हा देवमनच्या अंगणात चवळाईच्या जुड्या निघत होत्या. इब्राहीमची सून हुस्नाबानो तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिच्या अंगात रक्त कमी आहे, पालेभाजी खाऊ घाला, असं नर्सबाई सांगून गेल्या होत्या. इब्राहीमची बायको अमीनाबी एके दिवशी संकोचत दारात आली.

"देवमनभाऊ, थोडी भाजी भेटन का? सुनेसाठी."

"थोडी काहून? दिवसाआड न्या," देवमन म्हणाला. "तुमच्या पिंपातलीच तं हाय."

त्या दिवसापासून दिवसाआड एक जुडी त्यांच्या घरी जाऊ लागली. अमीनाबीही आपल्या वाट्याच्या पाण्यातून रोज एक कळशी आणून हौदात ओतायची. उन्हाने जेवढं उडायचं तेवढं त्याने भरून निघायचं. त्या उन्हाळ्यात पाण्याची कळशी देणं म्हणजे काय, हे देवमन जाणून होता. ती आली की तो काठी टेकून उठून उभा राहायचा.

डबे ओतून ओतून त्याचा खांदा भरून येतो हे इब्राहीमने पाहिलं. त्याने टिनाच्या नळीत सायकलच्या पंपाचं चामडं बसवून एक हातपंप तयार केला. बसल्या बसल्या दांडा वर-खाली केला की पाणी वर चढायचं. देवमनने पहिल्यांदा दांडा ओढला, पाणी आलं, आणि तो दांडा ओढतच राहिला. इब्राहीमने पंपाचं चामडं पुन्हा एकदा तपासल्यासारखं केलं आणि तो निघून गेला.

मे महिन्यात चवळाईवर मावा पडला. देवमनने आईच्या हातचा जुना उपाय केला, तंबाखू उकळून त्याचं पाणी पानांवर शिंपडलं. पानांवरून ते खडीत उतरलं, खडीतून हौदात. दुपारी सगळे मांगूर पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

गंगू कामावरून आली तेव्हा तो हौदाला टेकून खाली बसलेला होता.

"म्याच मारले," तो म्हणाला.

तिने मासे काढले. खायचा प्रश्नच नव्हता, अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरले. दोन दिवस देवमन बाजेवरून हलला नाही. जुनं गप्पपण परत आलं होतं आणि गंगूला त्याचीच धास्ती वाटली.

तिसऱ्या दिवशी इब्राहीम सायकलवरून घामाघूम होऊन आला. कॅरियरवर डबा, त्यावर ओलं पोतं. अडाण नदीच्या एका डोहात अजून पाणी होतं, तिथल्या भोयांकडून तो पंधरा मांगूर घेऊन आला होता. जाताना-येताना मिळून सोळा कोस सायकल मारली होती त्याने.

"इतक्या उन्हात कायले गेले?" देवमन म्हणाला.

"भाऊ, माह्या सुनेच्या पोटात लेकरू हाय. तुमी असे रुसून बसले तं ते काय खाईन?"

देवमन उठला. सगळी खडी उपसून तिघांनी तीन पाण्यांनी धुतली. हौदातलं विषारी पाणी फेकून दिलं. धुण्यासाठी आणि हौद भरण्यासाठी शेजारच्या चार घरांनी आठवडाभर रोज एकेक घागर दिली. दोन दिवसांत सुकलेली रोपं काढून नवी लावली, आणि यावेळी निवळायला महिना लागेल हे ठाऊक असल्यामुळे देवमन घाबरला नाही. मावा आला की ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचा. वेळ त्याच्याकडे भरपूर होता, आणि आता त्या वेळेचा त्याला राग येत नव्हता.

हुस्नाबानो ऑगस्टमध्ये बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. सवा महिना झाल्यावर अमीनाबी बाळाला घेऊन देवमनच्या अंगणात आली आणि तिने ते गुंडाळलेलं गाठोडं सरळ त्याच्या मांडीवर ठेवलं. ते चिमुकलं वजन त्याच्या दोन्ही हातांत मावलं. तो हललाही नाही, बाळ जागं होईल म्हणून.

पुढे पाऊसपाणी सुधारलं, बाजारात भाजी आली, पण देवमनने हौद मोडला नाही. टिनाच्या पाट्या गंजल्या तेव्हा त्याने विटांच्या बांधल्या. टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी घ्यायला लागला. मासे वाढले की धरायचा, शेजारी वाटायचा, एखादा आता घरीही रांधायला द्यायचा. वाळवी, ज्वारीची कणी, उरलेली भाकरी यांवर मांगूर पोसायचे.

सत्त्याहत्तर साली त्याच नर्सबाईंनी त्याला बोलावलं. दवाखान्यामागे मोकळी जागा होती, बाळंतिणींसाठी तिथे असाच हौद बांधून द्याल का, म्हणाल्या. इब्राहीमने सायकलवर बसवून नेलं. सहा दिवस देवमन स्टुलावर बसून विटा लावत होता. सहा वर्षांनी घराबाहेरच्या कामावर त्याच्या हातात मिस्त्रीची करणी होती, आणि उतार दोन बोटांचा, न मोजता.

शेवटच्या दिवशी गंगू बघायला आली. बांधकामावरून हात फिरवला, वाकून सांधे पाहिले.

"सरळ हाय," ती म्हणाली.

देवमनने करणी धुऊन पोत्यावर ठेवली. "गंगू, एवढे दिवस तू खडी फोडली. मी बसून होतो. एका शब्दानं कधी टोचलं नाई तू मले."

"टोचाले सवड कुठं होती?" ती म्हणाली आणि पदराने त्याच्या कपाळावरचं सिमेंट पुसलं.

मग दोघं तिथेच सावलीला बसले. तिने फडक्यातली भाकरी सोडली आणि दोघांनी मिळून खाल्ली.