गायरानात कुणी राहत नाही

कारखान्याच्या पाण्याला जागा शोधायला साहेब आले, तेव्हा मी तिथं हजर होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणायला नको.

सत्तर-एकाहत्तरचा हिवाळा. नगर जिल्ह्यातल्या आमच्या कोपऱ्यात साखर कारखाना नवा होता आणि त्याचं घाण पाणी ओढ्यात सुटायचं. ओढ्याखालच्या बागाईतदारांनी तक्रार केली. बागाईतदारांची तक्रार लगेच ऐकू जाते. हुकूम आला : पाणी हौदांत निवळून शुद्ध करा, मग मोकळ्या जागी तळं खणून त्यात सोडा, पुढं त्यावर गुरांसाठी घास करा. कागदावर उत्तम. अट एकच, जवळपास वस्ती नको.

नजर पडली गायरानावर. तिथं पंधरा-सोळा घरं होती आणि मधोमध एक विहीर. पण माणसं दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेलेली, नेवाशाच्या बाजूला, दूरच्या कारखान्यावर. दारांना बाभळीच्या काट्या लावलेल्या. मागं राहिली होती एक म्हातारी आणि तिची शेरडं.

साहेबांनी विचारलं, "आजीबाई, इथं कोण राहतं?"

"कोनी न्हाई."

"मग ही घरं कुणाची?"

"घरं कुठली, सायेब? शेरडांची खोपटं हायती. ऊन लागलं की बसते घटकाभर."

तलाठी हसला. "आणि ही चूल? ती पण शेरडांचीच का?"

"व्हय. त्यास्नी च्या लागतो."

तलाठी त्याच गावचा. कुठल्या चुलीवर कुणाची भाकरी भाजते हे त्याला पाठ होतं. तरी त्यानं लिहिलं : वस्ती नाही.

मी ओरडलो, "आजी, खरं सांगा! इथं तळं करणार आहेत!"

तिनं माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. "गप रं. तूच कागुद वाचून दावला हुतास न्हवं? सायेब आला, घर कुनाचं इचारलं, तर आपलं म्हनू नगा, अंगठा देऊ नगा. ध्यानात ठिवलंय आमी."

खरं होतं. आदल्या वर्षी गायरानावरची अतिक्रमणं उठवणार अशी आवई होती. मी वस्तीत काम करणारा कार्यकर्ता, नगरला पत्रकं छापून आणली, लाल शाईत, एकेक अक्षर बोटाएवढं. वस्तीवर वाचून दाखवलं, सगळ्यांकडून म्हणून घेतलं. कोण अभिमान होता मला त्या पत्रकाचा!

मी साहेबांना सांगितलं, घरं माणसांची आहेत. साहेब काही दुष्ट नव्हते. म्हणाले, "मग अंगठ्यासह अर्ज द्या. पंधरा दिवस थांबतो."

एस.टी.नं नेवासा गाठलं आणि पुढं चालत ऊसतोड्यांच्या तळावर गेलो. पाचटाच्या कोप्या, बैल, धूर. म्हातारीचा थोरला मुलगा मोळ्या बांधत होता. तळ्याचं पाणी मुरून विहीर नासेल, असं मी बोलत सुटलो. सभेत बोलतो तसाच बोललो. त्यानं बांधलेली मोळी बाजूला टाकली.

"अंगठा दिला म्हंजी आमी गायरानात राहतो आसं सरकारला लिहून दिलं, व्हय ना?"

"हो."

"मंग आमाला उठवाया त्यास्नी दुसरा कागुद लागंल का?"

मी अर्जाच्या कागदाची घडी घातली.

"न्हाई म्हनलं तर हिरीचं पानी जातंय, व्हय म्हनलं तर घर. तू शिकल्याला हाईस. सांग, आदी काय घालवू?"

त्याची बायको बैलांसाठी उसाचं वाढं गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "पानी लांबून आनता येतं, भाऊ. घर कुठनं आनू?"

सगळ्या तळानं तेच धरलं. शाईचा पॅड न उघडता मी परत आलो. सोळा घरांत कुणीच मूर्ख नव्हतं, हेच मला सहन होत नव्हतं. मूर्ख असते तर समजावता आलं असतं.

गुढीपाडव्याच्या सुमाराला माणसं परतली तेव्हा तळं भरलेलं होतं. तळ्याच्या बुडाला ना फरशी ना चुना, नुसता मुरूम. विहिरीचं पाणी चहासारखं झालेलं, वास कुजक्या गुळाचा. शेरडं तोंड लावून मागं सरायची. घास एकदा पेरला होता. तो उगवलाच नाही, जमीन पांढरी पडली. मी तक्रार घेऊन गेलो. उत्तर मिळालं, पाणी शुद्ध करूनच सोडलेलं आहे, आणि हरकत घ्यायला तिथं आहे कोण?

बायका दोन मैलांवरून पाणी आणायला लागल्या. असे आधी आठ दिवस काढले, मग पंधरा. मग एकेक घर उतरायला लागलं. कुणी बहिणीच्या गावाला, कुणी मिरजगावला रस्त्याकडेला. पोलीस आला नाही, नोटीस आली नाही. मी रोज जायचो. का जायचो ते सांगता येत नाही. पत्रक काढायला विषय उरला नव्हता.

शेवटचं घर म्हातारीच्या मुलाचं. तो आढ्यावर चढून खिळे उपसत होता, म्हातारी खाली गाडीत हंडे रचत होती. मी काहीतरी म्हणणार होतो, माफी किंवा तसंच काही.

"वाईच ते टोक धर," तो वरून म्हणाला. "पत्रा वाकतोय."