पातूरच्या बाईचा अर्ज

पोस्टात पार्सलावर वितळणाऱ्या लाखेचा वास आला, की मला अकोल्याच्या कचेरीबाहेरचा निंब आठवतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. अमरावतीहून बी.ए. होऊन मी त्या निंबाखाली एका म्हाताऱ्या अर्जनविसाजवळ काम शिकत होतो. एका सकाळी पातूरकडची एक माळीण आली. शेजाऱ्यानं तिच्या मळ्याचा पाट बुजवला होता आणि वांगी वाळत होती. मी ऐटीत 'मायबाप सरकारचे चरणी' करत दोन पानं भरली. "वाचून दाखव, बाबू," ती म्हणाली. मी वाचलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं नि विचारलं, "यात सरकारची तारीफ लय हाये. माहं पाणी कुठी हाये?" माझे कान तापले. म्हाताऱ्यानं कोरा कागद पुढं सरकवला. "बाई सांगते तसं लिही." मग मी लिहिलं, की शेजाऱ्यानं पाट बुजवला आहे, आठ दिवस पाणी नाही, वांगी वाळून चालली आहेत, पाट उघडून मिळावा. "आता माहा अर्ज झाला," म्हणत तिनं अंगठा उठवला. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली, ती मळ्यात पाणी आल्याचं सांगायलाच. कॉलेजात निबंधाचं पहिलं बक्षीस मला मिळालं होतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही. आज वाटतं, बरंच केलं.