खंडेनवमीला संगणकाने पेढा घेतला

नव्व्याण्णव सालच्या खंडेनवमीला साताऱ्यात आमच्या घरी संगणकाची पूजा झाली. सासरे निवृत्त सुभेदार. हत्यार चालू हालतीत नसेल तर पूजा कसली, हा त्यांचा नियम... म्हणून संगणक चालू आणि फोनच्या वायरीने इंटरनेटही जोडलेलं.

सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, तोच सीडीचा ट्रे आपोआप बाहेर आला. त्यांनी शांतपणे त्यावर पेढा ठेवला. ट्रे आत गेला.

"आवं, घेतला की त्येनं," त्या सासऱ्यांना म्हणाल्या.

मग स्क्रीनवरचा बाण आपला आपण फिरायला लागला. मी हायस्कूलला गणित शिकवायचे. दहावीच्या सहामाहीचा पेपर याच मशीनमध्ये होता, आणि परीक्षा दसऱ्यानंतर लगेच.

मी फोनची वायर उपटली. बाण थांबला. म्हणजे बाहेरून कोणीतरी आत शिरलं होतं...

वायर पुन्हा लावली, नेट जोडलं आणि नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरांत मराठीतून खडसावलं, "कोण आहे? नाव सांग."

स्क्रीनवर एक चौकट उगवली. "मामी, रागावू नका. मी माधुरी."

माझ्या नणंदेची मुलगी. सांगलीला इंजिनिअरिंगला होती. गणपतीत आली तेव्हा फ्लॉपीवरून एक गेम टाकून गेली होती, त्याच्या पोटात हा उद्योग लपलेला. आम्ही नेटवर आलो की ती तिथल्या सायबर कॅफेत बसून आमचा स्क्रीन पाहू आणि मशीन चालवू शकत होती. आजोबांचा पूजेचा नियम तर तिला पाठच होता.

"पेपर उघडलास?"

"नाही मामी, शपथ. पण माझ्यासारखं दुसरंही कोणी शिरू शकतं. दिवाळीत येऊन काढून टाकते, तोवर नेट लावू नका. ट्रे उघडला का?"

"त्यात पेढा आहे."

मग चौकट आली... "कंदी?"

मी खुर्चीतच वाकून हसले. सासऱ्यांना वाचून दाखवलं. "आपली माधुरी हाय व्हय," ते म्हणाले, "मग घरचीच की. तिला म्हणावं, पहाऱ्यावर कुणी न्हवतं म्हणून घुसलीस."

दुसरं कोणी आधीच डोकावून गेलं असेल तर? मी धोका पत्करला नाही. जुना पेपर रद्द केला आणि त्याच दुपारी नवा हाताने लिहिला. घरात अजून हशा चालूच होता...

मुलांनी त्या पेपरला अवघड म्हणून नावं ठेवली. माझ्या साऱ्या नोकरीत हसत हसत काढलेला तेवढा एकच पेपर.