तीस दिवसांत परत

आमच्या बँडचा मला वीट आलाय, आणि मी अजून त्याच बँडमध्ये आहे. म्हणजे माझाही आलाय.

चौघांचा बँड. अमेरिकेतल्या शॉमबर्गला कीबोर्डवाल्याच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी दुपारी प्रॅक्टिस, आणि मग मंडळाचा गणपती, कुणाची पन्नाशी, कुणाच्या मुलीचं संगीत, बोलावतील तिथे वाजवायचं. कीबोर्डवाला पुण्याचा, ड्रमवाला मुंबईचा, मी नागपूरची. मी बेस गिटार वाजवते. गायला काका. सत्तरीच्या पुढचे, रिटायर्ड इंजिनिअर, आम्ही तिघं प्राथमिक शाळेत होतो तेव्हा इकडे आलेले. लोक काकांचं गाणं ऐकायला येतात. हे आम्हा तिघांना पक्कं माहीत आहे, पण कबूल करायला जीभ उचलत नाही.

एका रविवारी काका चहा पिता पिता म्हणाले, "घशाचा रिपोर्ट आला. स्वरयंत्र काढायचंय. पाच आठवड्यांनी ऑपरेशन."

ड्रमवाल्याच्या हातात बिस्कीट तसंच राहिलं.

"नंतर बोलायलासुद्धा मशीन लावावं लागेल म्हणे. गाणं तर विसराच. तेव्हा त्याच्या आत माझी आठ गाणी नीट रेकॉर्ड करून द्या. मोबाईलवर नको, त्यात मी पिंपात बसून गातोय असं वाटतं. ही म्हणते, घरात तुमचा आवाज हवा. पण गाण्याचा, बडबडीचा नको."

पाच आठवडे होते. आठ गाणी म्हणजे एका दुपारचं काम. पण एका दुपारी काम उरकलं तर आम्ही आयटीवाले कसले?

कीबोर्डवाल्याने एक्सेल शीट काढली. कुठला रेकॉर्डर, कुठला माईक, त्याला किती स्टार, कोण काय म्हणतो, सगळे रकाने. हिरवं, पिवळं, लाल. रोज संध्याकाळी ग्रुपवर एक नवीन व्हिडिओ. कुणीतरी दाढीवाला गोरा दोन माईकसमोर तेच वाक्य दोनदा बोलतो आणि विचारतो, फरक कळला का? ड्रमवाला लिहायचा, "यार, दुसरा वॉर्म वाटतो." वॉर्म! मला त्या शब्दाची शिसारी बसली. इकडे काकांच्या आवाजात रोज थोडी जास्त खरखर येत होती आणि हे दोघे वॉर्म शोधत होते. मी एकदा चिडून लिहिलं, "अरे, घ्या ना कुठलाही!" कीबोर्डवाल्याचं उत्तर आलं, "इमोशनल होऊन डिसिजन घ्यायचा नसतो."

त्यातच माझ्या जुन्या बेसची मान वाकली. हिवाळाभर हीटरच्या हवेत लाकूड सुकलं होतं. मी शीटची वाट बघितली नाही. शनिवारी काकांना गाडीत घातलं आणि दुकानात गेले. तिथे चार पोरं चार गिटारींवर चार वेगळ्या गोष्टी एकदम बडवत होती. काकांनी सगळ्या बेसवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "अगं, तू एकेक हातात घे आणि एकच स्वर धरून ठेव. मी गातो."

भर दुकानात काकांनी हळूच सा लावला. पहिल्या बेसला मान हलवली, नको. दुसरा चकचकीत, पाच तारांचा. तोही नको. तिसरा कुणीतरी वापरून विकलेला, तपकिरी, खालच्या कडेला टवका उडालेला. त्याच्यावर मी स्वर धरला आणि काकांनी डोळेच मिटले. सा वरून पंचमावर गेले, परत आले. "हाच घे," म्हणाले. "हा माझ्या अंगावर येत नाही. खाली उभा राहतो." वीस मिनिटांत खरेदी झाली. त्या सगळ्या भानगडीत धड केलेली तेवढी एकच गोष्ट.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी एकदाचा रेकॉर्डर आला. शीटमध्ये पहिला आलेला, भारीतला. भारीतला, कारण तो ठेवायचाच नव्हता. ही आमची रीत आहे आणि मला तिची किळस येते. कार्यक्रमाआधी सामान आणायचं, कार्यक्रम उरकायचा, आणि तीस दिवसांच्या आत खोक्यात घालून दुकानाला परत, पैसे खिशात. स्पीकर, दिवे, एकदा तर धुराचं मशीनसुद्धा. ताट चाटूनपुसून जेवायचं आणि मग म्हणायचं, भाजी खारट होती. भरपूर पगार घेणारी माणसं आम्ही. खोकी न फाडता उघडण्यात आमचा हात धरणारा कुणी नाही. आणि त्यात सगळ्यात तरबेज कोण? मी. मला ती टेप अशी सोडवता येते की काउंटरवरची मुलगीही फसते.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी बसलो. रेकॉर्डरला चारच वायरी जोडता येत होत्या. दोन काकांच्या माईकना, एक कीबोर्डला, एक ड्रमला.

"आणि माझं?" मी विचारलं.

"बेस कुठे कुणाला ऐकू येतो यार," ड्रमवाला म्हणाला. "नंतर टाकू."

मी मनातल्या मनात त्याचा उद्धार केला, आणि माझी वायर घरून आणलेल्या, वायरीतून येईल तेवढंच टिपणाऱ्या जुन्या डबीतून माझ्याच लॅपटॉपला जोडली. वाजवा तुमचं तुम्ही, माझं मी ठेवते.

काका गायले. काय गायले! खरखर होती, पण तिच्यातूनच ते वाट काढत होते. सहाव्या गाण्यात वरच्या सा वर इतके थांबले की कीबोर्डवाला वाजवायचाच थांबला. मी खालचा स्वर धरून ठेवला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. आठवं गाणं संपल्यावर काका पाणी प्यायले आणि म्हणाले, "झालं बाबा. आता काढा काय काढायचं ते."

ऑपरेशन नीट झालं. आम्ही हॉस्पिटलला फेऱ्या मारल्या, काकूंना डबे पोचवले. रेकॉर्डर बेसमेंटमध्ये पडून होता. एकोणतिसाव्या दिवशी कीबोर्डवाल्याने ग्रुपवर आठवण केली, उद्या शेवटची तारीख. मी विचारलं, "गाणी कॉपी झाली ना?" दोन अंगठे आले. मी रेकॉर्डर उचलून आणला, खोक्यात बसवला, टेप लावली, लंच ब्रेकमध्ये दुकानात जाऊन परत केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, किती छान पॅक केलंय! मला बरं वाटलं. हे लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो, मला बरं वाटलं होतं.

संध्याकाळी मी लिहिलं, "फाईली पाठवा, काकांना देते."

ड्रमवाला म्हणाला, कीबोर्डवाल्याकडे असतील. कीबोर्डवाला म्हणाला, मला वाटलं ह्यानेच केल्या. मी विचारलं, मग अंगठा कशाला दाखवलास? तर म्हणे, "मेसेज वाचला म्हणून."

मी तशीच गाडी काढली. दुकानातल्या मुलीने मशीनवर बघितलं आणि म्हणाली, ते तर आतलं सगळं पुसून दुपारीच पुन्हा विक्रीला ठेवलं, विकलंही गेलं. वरातीमागून घोडं! दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा मी पगार घेते. टेस्टर आहे मी. एक बटण दाबून ऐकायचं होतं फक्त. ते दोघे बावळट, पण खोकं माझ्या हातात होतं. मी ते नीट बंद केलं.

ग्रुपवर मग कुणी कुणाला तोंड दाखवेना. कीबोर्डवाल्याने लिहिलं, "लेसन लर्न्ड." मी फोन सोफ्यावर फेकला.

काकांकडे मी एकटीच गेले. ते घरामागच्या लाकडी डेकवर गळ्याला पट्टी बांधून बसले होते, मांडीवर नातवंडांची पांढरी पाटी. मी सगळं सांगितलं, माझं खोकं आणि टेपसकट. काकांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "तुझं?"

"माझं आहे. पण काका, त्यात फक्त बेस आहे. तुमचा श्वाससुद्धा नाही."

"लाव."

मी लॅपटॉप उघडला. नुसता बेस कधी ऐकलाय का कुणी? धुम्, थांबतो, धुम्. त्याला ना चाल, ना शब्द. मला लाज वाटत होती, पण काकांनी मांडीवर ताल धरला. दुसऱ्या गाण्यात त्यांनी हात वर केला आणि लिहिलं, "इथे घाई केलीस." खरंच केली होती.

सहाव्या गाण्याला काकू चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं, धीरच झाला नाही. त्या काकांच्या शेजारी बसल्या, पदर सावरून, गाणं ऐकायला बसतात तशा. मी खालचा स्वर धरून ठेवला होता ती जागा आली. लांबच लांब एकच स्वर. काकांचं तोंड उघडं होतं, मान किंचित वर, डोळे मिटलेले. आवाज नव्हता.

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. मग काकांकडे वाकून हळूच म्हणाल्या, "अहो, तुमचं कधी सुरू होतं?"

काकांनी डोळे उघडले नाहीत. चाचपडत पाटी घेतली, वाकडंतिकडं लिहिलं आणि काकूंसमोर धरली.

"सुरू आहे."